एका लुगड्याची भरपाई

आपल्या सार्वजनिक जीवनात एक वाक्य असे आहे की ते कोणी लिहिले हे कोणालाच ठाऊक नाही, आणि तरीही ते जिकडेतिकडे लिहिलेले आढळते. सायकल स्टँडवर, मंगल कार्यालयाच्या खोल्यांत, धोब्याच्या पावतीच्या पाठीवर, एसटीच्या थांब्यावर. ‘सामानाची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी. हरवल्यास वा खराब झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’ लहानपणापासून हे वाक्य वाचत आल्यामुळे ते आम्हांला जवळजवळ निसर्गनियमासारखे वाटू लागले होते. पाऊस वरून खाली पडतो, तसे सामानाला व्यवस्थापन जबाबदार नसते. या वाक्याखाली आपली सही नसते, ते आपल्याला कोणी वाचून दाखवलेले नसते, आणि पैसे मोजून झाल्यावरच बहुधा ते आपल्या दृष्टीस पडते. मग ते आपल्यावर बंधनकारक कसे, असा प्रश्न आम्हांला साठी उलटेपर्यंत पडला नव्हता. तो पडला एका लुगड्यामुळे.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या पुतण्याच्या मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला. रविवारी मिस्सा, जेवण, पाहुणे असा सगळा सोहळा उरकला आणि मंगळवारी मुलांच्या हट्टापायी आम्ही एकोणीस जण एक लहान बस करून शहराबाहेरच्या एका मोठ्या करमणूक उद्यानात गेलो. बरोबर आमच्या आत्याबाई होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. वसईच्या पश्चिम पट्ट्यात आता ज्या थोड्या वृद्ध स्त्रिया नित्य लाल लुगडे नेसतात, त्यांतल्या त्या एक. त्यांच्याजवळ दोनच लुगडी उरली होती. एक घरातले, विटलेले. दुसरे बाहेर जातानाचे, यजमान गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी घेऊन दिलेले. उद्यानात जायचे म्हणजे बाहेर जायचे, म्हणून त्या हे दुसरे नेसून निघाल्या.

आत्याबाईंचे घर खऱ्या समुद्रापासून दहा मिनिटांवर आहे. तरी त्यांना पाहायच्या होत्या त्या यंत्राने उठवलेल्या लाटा. ‘माणसानं केलेला दर्या कसा असतो ते मला बघू दे,’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यांना नाही म्हणण्याची आमच्या घरात कोणाची छाती नाही. परंतु पाण्यात पाय बुडवायचा झाला तरी सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचाच पोशाख हवा, असा तेथला नियम. नियमाविषयी आमची तक्रार नाही. सुती धागे सुटून गाळणीत अडकतात, हे आम्हांला पटते. आत्याबाईंनी भाड्याचा निळा पोशाख घातला, स्वतःकडे पाहून पोट धरून हसल्या, आणि आमच्या सौभाग्यवतींनी त्यांच्या लुगड्याची नीट घडी करून ते एका लॉकरात ठेवले. लॉकरचे भाडे शंभर रुपये. शिवाय किल्लीपोटी दोनशे रुपये अनामत आणि पोशाखापोटी दोनशे.

या अनामतीचा विचार आम्ही पुढे पुष्कळ केला. किल्ली त्यांची, म्हणून ती आमच्या हाती देताना त्यांनी आमच्याकडून तारण घेतले. पोशाख त्यांचा, त्याचेही तारण घेतले. लुगडे मात्र आमचे. ते त्यांच्या कपाटात जाताना आम्हांला काय मिळाले, तर उपरोक्त वाक्य छापलेली एक चिठ्ठी.

दुपारी चारच्या सुमारास लॉकर उघडला तेव्हा आधी वास आला. जलतरण तलावाकाठी येतो तोच, पण डोळ्यांत पाणी आणणारा. लॉकरांच्या रांगेमागच्या भिंतीपलीकडे पाणी शुद्ध करण्याच्या औषधाचे कॅन साठवलेले होते. त्यांतला एक गळत होता आणि ते पाणी फरशीवरून वाहत येऊन खालच्या ओळीतल्या कपाटांत शिरले होते. हे औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. कपडे पांढरे करण्यासाठी आपण घरात वापरतो त्याच जातीचे, परंतु कितीतरी तीव्र. ते रंग नुसता उडवीत नाही, सुताचा तंतूही खाते. आत्याबाईंचे लुगडे घडीच्या ज्या बाजूने भिजले होते, तेथे तांबड्याचे पिवळट झाले होते, आणि चार दिवसांनी त्या रेषेवर कापड हात लावताच विरू लागले. शेजारच्या कपाटात ठेवलेला पुतण्याचा मोबाईलही भिजला होता.

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी लुगडे उलगडले, पुन्हा घडी घातली आणि पिशवीत ठेवले. मग त्या निळ्या पोशाखावर बसमधली एक चादर गुंडाळून त्या परत निघाल्या. वाटेत त्यांनी एकच गोष्ट मागितली. गाडी गावाबाहेर थांबवावी आणि दिवेलागण झाल्यावरच गल्लीत न्यावी. आम्ही पाऊण तास रस्त्याच्या कडेला थांबलो. मुले गाणी म्हणत होती; मोठ्यांपैकी कोणाला काही सुचत नव्हते. आणि हो, पोशाख परत न केल्याबद्दल त्याची दोनशे रुपये अनामत जप्त झाली होती. खिडकीतल्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितले होते, ‘सर, नियम आहे.’

त्याच दिवशी कार्यालयातल्या एका गृहस्थांनी पाचशे रुपये आणि दोन फुकट प्रवेशपत्रे देऊ केली होती. आम्ही ती घेतली नाहीत. प्रवेशपत्राला भरपाई म्हणणे आम्हांला मान्य नाही, कारण ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याच्याच दाराशी पुन्हा येण्याची ती सक्ती असते. शिवाय त्याची किंमत देणाऱ्याला काहीच पडत नाही. तिकिटे फाडून द्यायची एवढेच. पाचशे रुपयांचे म्हणाल, तर ती रक्कम कशी काढली हे त्या गृहस्थांनाही सांगता येईना.

पुढे पत्रव्यवहार सुरू झाला. मोबाईलचे प्रकरण पंधरवड्यात मिटले. पुतण्याजवळ खरेदीचे बिल होते, दुरुस्तीचे बिल होते, धनादेश आला. लुगड्याला मात्र सात महिने लागले, कारण लुगड्याला बिल नव्हते. ज्या वस्तूला कागद आहे तिला किंमत आहे, ज्या वस्तूला कागद नाही ती केवळ भावना आहे, अशी एक समजूत कचेऱ्यांतून दृढ झालेली दिसते. नवरा बायकोला लुगडे आणतो तेव्हा त्याची पावती कोण जपून ठेवतो?

त्यांच्या पहिल्या उत्तरात दोन मुद्दे होते. पहिला असा, की किल्ली तुमच्या खिशात होती, तेव्हा वस्तू तुमच्याच ताब्यात होती. आम्ही फक्त जागा भाड्याने दिली. हा मुद्दा दिसतो तितका पोकळ नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १४८ व्या कलमात निक्षेपाची व्याख्या आहे. एकाने आपली वस्तू काही हेतूने दुसऱ्याच्या हवाली करावी आणि हेतू सरल्यावर ती परत मिळावी, म्हणजे निक्षेप. १५१ वे कलम सांगते की, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी ठेवणाऱ्याने घेतली पाहिजे. किल्ली आपल्याकडे असताना वस्तू खरोखर हवाली झाली का, यावर कायदेपंडितांत वाद घालता येतो. परंतु नेमक्या अशाच बचावाला सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी बँकांच्या बाबतीत थारा दिला नाही. कोलकात्याच्या एका खातेदाराचा लॉकर बँकेने फोडला होता आणि आतले काही दागिने परत मिळाले नव्हते. लॉकरात काय आहे हे आम्हांला ठाऊक नसते, असे म्हणून बँकेला हात झटकता येणार नाहीत, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला, आणि रिझर्व्ह बँकेला नियम करण्यास सांगण्यात आले. ते नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतके. आमच्या पुतण्याने लगेच हिशेब मांडला. ‘काका, आपलं भाडं दिवसाला शंभर. वर्षाचं छत्तीस हजार पाचशे. त्याच्या शंभरपट किती?’ आत्याबाईंनी त्याला स्वयंपाकघरातूनच गप्प केले. करमणूक उद्यानाला तो नियम लागू नाही, हे आम्हीही त्याला समजावले. पण कपाटाची भिंत, तिच्यामागची खोली आणि त्या खोलीतला कॅन यांची किल्ली काही आमच्या खिशात नव्हती, एवढे आम्ही उत्तरात लिहिले.

दुसरा मुद्दा चिठ्ठीवरच्या वाक्याचा. या बाबतीत एक जुना निकाल आम्हांला फार आवडला. मद्रास उच्च न्यायालयाचा, १९६६ च्या निकालसंग्रहात छापलेला. एका गृहस्थांनी नवी साडी धुलाईला दिली, ती हरवली. पावतीवर छापले होते की, कपडा हरवल्यास ग्राहकाला किमतीचा अमुक एक अंशच मिळेल. न्यायालयाने ती अट मानली नाही. त्यामागचा युक्तिवाद कोणाही गृहिणीला पटावा असा आहे: ही अट खरी मानली तर धुलाईवाल्याने लोकांच्या नव्या साड्या ‘हरवाव्यात’ आणि अल्प किमतीत त्या स्वतःच्या कराव्यात, हाच सर्वांत किफायतशीर धंदा ठरेल. त्यानंतर दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलचे प्रकरण. १९९८ साली हॉटेलच्या नोकराच्या हाती सोपवलेली एका पाहुण्याची मोटार चोरीस गेली. चिठ्ठीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १४ नोव्हेंबर २०१९ रोजी, म्हणजे एकवीस वर्षांनी. स्वतःच्या निष्काळजीपणाचे फळ असल्या छापील अटीच्या आड लपवता येत नाही, हे त्यात स्पष्ट झाले. एकवीस वर्षे लागली, हीही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

हे सर्व वाचत असताना आमच्या मनात निर्गमाचा बाविसावा अध्याय घोळत होता. उपासनेत तो क्वचितच कानी पडतो, आणि पडला तरी बैल-मेंढरांचा कायदा म्हणून आपण तो कानाआड करतो. खरे तर तेथे ठेवीचा सगळा विचार आहे. शेजाऱ्याकडे ठेवलेली वस्तू चोरीस गेली आणि चोर सापडला, तर चोराने दुप्पट द्यावे. न सापडला, तर घरधन्याने देवासमोर यावे आणि त्या वस्तूला आपण हात लावला नाही हे सिद्ध व्हावे. राखायला दिलेले जनावर श्वापदाने फाडले, तर उरलेले अवशेष पुरावा म्हणून आणावेत; चोरीस गेले, तर राखणाऱ्याने भरून द्यावे. आपले जनावर दुसऱ्याच्या शेतात चरले, तर स्वतःच्या शेतातले उत्तम तेच भरपाईत द्यावे. ‘उत्तम तेच’ या दोन शब्दांपाशी आम्ही थबकलो. बाजारभाव नव्हे, घसारा वजा जाता उरलेली किंमत नव्हे. आणि ‘जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य त्या अध्यायात कोठेही नाही. उलट, जेथे राखणाऱ्याला मोकळे सोडले आहे, तेथेही त्याला शपथ घ्यावी लागते किंवा पुरावा आणावा लागतो. म्हणजे आधी पुढे येऊन उभे राहावे लागते.

घसारा हा शब्द आम्ही उगाच वापरला नाही. उद्यानाच्या दुसऱ्या पत्रात तोच होता. सुती वस्त्राचे आयुष्य अमुक वर्षे, आपले वस्त्र त्याहून जुने, सबब त्याचे मूल्य शून्य. तरीही व्यवस्थापन ‘सदिच्छेपोटी’ एक हजार रुपये देऊ इच्छिते.

येथे न्यायबुद्धीने विचार केला पाहिजे, आणि तो दोन्ही बाजूंनी. घसाऱ्यात तथ्य आहे. दहा वर्षे वापरलेल्या छत्रीबद्दल कोरी छत्री मागणे बरे दिसत नाही. नुकसान भरून निघावे, त्यातून नफा होऊ नये. परंतु घसारा लागतो तो बाजारात जुन्यालाही गिऱ्हाईक असते किंवा नवे सहज मिळते अशा वस्तूंना. अर्धे वापरलेले लुगडे कोणी विकत नाही. आत्याबाईंना उरलेल्या आयुष्यात बाहेर जाताना नेसायला लुगडे हवे, आणि अर्ध्या किमतीत अर्धे लुगडे येत नाही. त्यांची स्वतःची मागणी तर अगदी साधी होती. ‘मला पैसे नको. माझ्यासारखं लुगडं आणून द्या.’

तेव्हा तसले लुगडे आज काय किमतीला पडते, हे पाहण्यास आम्ही उभयता बाहेर पडलो. तीन दुकाने फिरलो. चौथ्या दुकानदाराची एका विणकराशी ओळख होती. त्याने जे सांगितले ते ऐकून आम्ही पेचात पडलो. एका लुगड्यासाठी कोणी मागावर ताणा लावीत नाही. ताणा लावायचा तर निदान चार लुगड्यांचा. मजुरी आणि रंगवलेले सूत धरून अठरा हजार रुपये. म्हणजे आत्याबाईंना एक लुगडे द्यायचे तर उद्यानाने चार लुगड्यांचा खर्च सोसायचा काय? पुतण्या म्हणाला, अवश्य. आमचे मन ते घेईना. एकाच्या नुकसानीपोटी चौघींचा लाभ, याला भरपाई म्हणावे की दंड? आणि एकच लुगडे मिळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तर खरी किंमत अठरा हजारच नव्हे काय, असेही वाटे. चार-पाच दिवस घरात याच विषयावर वाद चालला होता.

तो सोडवला आत्याबाईंनी. रविवारी मिस्सेनंतर त्या देवळाच्या ओट्यावर बसल्या आणि लुगडे नेसणाऱ्या आणखी तिघी जणी त्यांनी गाठल्या. तिघींनाही लुगडे हवेच होते. एकटीसाठी कोणी विणून देत नाही म्हणून त्या गप्प होत्या. प्रत्येकीने आपापले साडेचार हजार देण्याचे कबूल केले. उद्यानाकडे मागायची रक्कम अशा रीतीने आपोआप ठरली. साडेचार हजार, अधिक पोशाखाची जप्त केलेली दोनशे अनामत, अधिक लॉकरचे भाडे शंभर. एकूण चार हजार आठशे.

मनस्तापाबद्दल काही मागायचे की नाही, यावर मात्र आमचा आणि आत्याबाईंचा मतभेद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा मानसिक त्रासाची भरपाई मागू देतो आणि आमच्या मते ते रास्त आहे. पाऊण तास अंधाराची वाट पाहत बसलेल्या वृद्धेचे नुकसान केवळ कापडाचे नव्हते. पण आत्याबाई म्हणाल्या, ‘माझ्या लाजेचे पैसे घेऊन मी ते ठेवू कुठे?’ हक्क त्यांचा होता, म्हणून आम्ही तो मुद्दा गाळला. त्याऐवजी दोन गोष्टी लिहिल्या: औषधाचे कॅन त्या भिंतीमागून हलवावेत, आणि आत्याबाईंच्या नावे लेखी दिलगिरी पाठवावी.

पत्राच्या शेवटी हेही नमूद केले की, उत्तर न आल्यास आम्ही आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाऊ. येथे वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडे सांगतो. १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. नुकसान करणारा कोठलाही असो, आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते. वकील लागतोच असे नाही. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. दोन वर्षांची मुदत असते. या चळवळीची मुळे महाराष्ट्रात आहेत. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली ती १९७४ साली, म्हणजे कायद्याच्या बारा वर्षे आधी. १९८६ च्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली २४ डिसेंबरला, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. आपल्या घरांत त्या दिवशी गोठा सजत असतो आणि कढईत करंज्या तळल्या जात असतात. ग्राहक दिनाच्या सभेला आपल्यापैकी कोणी दिसत नाही ते बहुधा त्यामुळेच.

डिसेंबरात धनादेश आला. पूर्ण रकमेचा. कॅन हलवल्याचेही पत्रात लिहिले होते. मात्र सोबतच्या पावतीवर सही करायची होती आणि तिच्यात रकमेचे वर्णन ‘सदिच्छा रक्कम’ असे होते. आम्ही ‘सदिच्छा’वर काट मारून वर ‘नुकसानभरपाई’ असे लिहिले आणि धनादेशासह सर्व कागद परत पाठवले. घरच्यांनी आम्हांला वेड्यात काढले. एका शब्दासाठी आलेला पैसा परत? पण सदिच्छेने दिलेल्या पैशाबद्दल घेणाऱ्याने आभार मानायचे असतात, आणि देण्यापोटी दिलेल्या पैशाची फक्त पोच द्यायची असते. आत्याबाईंनी त्या उद्यानाचे आभार का मानावेत, हे आम्हांला कळत नव्हते. या वेळी आत्याबाई आमच्या बाजूने होत्या.

तीन आठवड्यांनी नवी पावती आली. तिच्यात ‘नुकसानीपोटी’ असा शब्द होता. आत्याबाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि खाली आपली सही केली. ती करायला त्यांना जरा वेळ लागला. दिलगिरीचे पत्र स्वतंत्र आले, दोन ओळींचे, त्यांच्या नावातली एक वेलांटी चुकलेली.

विणकराची चारही लुगडी उपवासकाळात आली. चौघींनी ती पास्काच्या रविवारी नेसायची असे ठरवले आणि नेसल्या. आत्याबाईंच्या मते रंग जरा भडक आहे, सूतही पूर्वीसारखे नाही. पण आठ-दहा धुण्यांनंतर ते अंगाला बसेल. जुन्या लुगड्याचा विरलेला भाग त्यांनी कापून टाकला. उरलेल्या चांगल्या तुकड्यांची गोधडी शिवायला घेतली आहे.